ऐकत असतील

१

सकाळी सात वाजले की वऱ्हाडातली काही शहाणीसुरती माणसं चहा बाजूला ठेवून एकमेकांना हाका मारायला बसतात. खिशात फोन असतो, फोनमध्ये सगळी दुनिया असते, तरीही. यांना हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची आणि हौसेनं रेडिओवर बोलायचं, असा हा उद्योग. रोजच्या त्या जमण्याला ही मंडळी 'नेट' म्हणतात. अकोल्याचे गोवर्धनजी नेट चालवायचे. ते एकेकाचं नाव पुकारायचे. ज्याचं नाव येईल त्यानं हजेरी द्यायची, तब्येत सांगायची, ऊन कितपत आहे ते सांगायचं आणि माइक सोडायचा.

उत्तर आलंच नाही, तर त्या माणसाला गैरहजर म्हणायची रीत त्यांच्यात नव्हती. गोवर्धनजी पुन्हा एकदा पुकारायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "ऐकत असतील. पुढे." माणूस आजारी असो, लग्नाला गेलेला असो की आणखी कुठं, नेटवर तो ऐकतच असायचा. मोठी गोड रीत होती.

अमरावतीच्या किशोरला या नेटचं भारी वेड. वलगाव रोडवर त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. दिवसभर जळक्या पंपांचा वास अंगाला, गिऱ्हाइकांची कटकट कानाला. पण सकाळचा तो तास त्याचा स्वतःचा होता. त्या तासात तो सावकाश बोलायचा, शब्द निवडून बोलायचा, आणि आपला आवाज नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत जातो या कल्पनेनं आतून फुलून यायचा.

त्या आवाजाच्या आड एकच गोष्ट येत होती. ती म्हणजे त्याची आई.

जमुनाबाई एके काळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून हाक मारायची, तर पलीकडच्या वावरातला गडी दचकून वळायचा. लकवा झाला आणि तो आवाज गेला. एक बाजू गेली, अर्धा चेहरा गेला, आणि उरला तो डावा हात. त्या हातात सुनेनं, शकुननं, स्टीलचा चमचा दिला होता. तहान लागली, कूस बदलायची असली, खालचं ओलं झालं, की जमुनाबाई लोखंडी पलंगाच्या दांडीवर चमचा मारायची. टण्, टण्, टण्. तिचं सगळं बोलणं आता एवढंच होतं.

रेडिओ तिच्याच खोलीत होता. त्याला इलाज नव्हता. घरात कूलर एकच, तो तिच्या खोलीला, आणि उन्हाळ्यात इतर कुठंही ते यंत्र तापून बंद पडायचं. त्यामुळे किशोर नेटवर बोलत असला की मागून चमचा वाजायचाच. एकदा गोवर्धनजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "किशोरभाऊ, तुमच्याकडे घोड्याले नाल ठोकून राहिले काय?" सगळं नेट हसलं. तेव्हापासून तो चमचा 'किशोरभाऊचा घोडा' झाला. किशोरही त्यांच्याबरोबर हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या दिवसभर गरम होत्या.

त्यातच गोवर्धनजी मुलाकडे राहायला जाणार असं ठरलं. नेट कोणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. त्यांनी किशोरला फोन करून सांगितलं, की आवाज तुमचाच चांगला आहे, तुम्हीच सांभाळा. फक्त तो घोडा तेवढा बांधून ठेवा.

२

उपायही गोवर्धनजींनीच सुचवला. अकोल्याचे महादेवराव वारल्यापासून त्यांच्या घरी एक डबी पडून होती. माइक, कॉम्प्युटर आणि रेडिओ यांच्या मधोमध बसणारी डबी. आपण बोललो की रेडिओ आपोआप चालू, थांबलो की बंद. शिवाय आजूबाजूचा नको तो आवाज ती गाळून टाकते म्हणे. हे महादेवराव नेटचे जुने मानकरी. शेवटची काही वर्षं मात्र ते कधी बोलले नाहीत. रोज त्यांचं नाव पुकारलं जायचं आणि रोज ते ऐकत असायचे.

किशोर एसटीनं अकोल्याला गेला. महादेवरावांची सून पौर्णिमा, साधी बाई. तिनं डबी जुन्या टॉवेलात गुंडाळून काढून ठेवली होती. देताना ती म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी बोलत नव्हते जी. निस्ते ओठ हालवत. डॉक्टरनं सगळं तपासलं, म्हणे गळ्यात काईच नाई."

किशोरनं चेहरा दुःखी केला. त्याचं सगळं लक्ष डबीवर होतं. काळी, जड, वर दोन दिवे, एक बटण आणि एक पुसट नंबर. कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. पुस्तिका आहे का, असं त्यानं विचारलं. ते कागद रद्दीत गेले, असं पौर्णिमा म्हणाली.

३

पुस्तिकेशिवाय असली डबी म्हणजे दगड. कोणती तार कुठं लावायची, बटण कशाचं, काही कळत नव्हतं. किशोर दुकानातल्या कॉम्प्युटरवर शोधायला बसला. नंबर टाकला, तर कुठल्या तरी ट्रॅक्टरचा बेल्ट निघाला. मग हॅम मंडळींची जुनी पानं उघडली. कोणी जर्मनीत बसून पुस्तिका जमवलेल्या, कोणी जपानात. निम्मे दुवे मेलेले. एका ठिकाणी कोणीतरी हाच नंबर टाकून विचारलं होतं, ही डबी कशी बंद करायची? त्याखाली उत्तर नव्हतं.

शेवटी पुस्तिका एका साध्या पानावर सापडली, जुन्या यंत्रांच्या लांबलचक यादीत. स्कॅन केलेली, वाकडी, पिवळट. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला होता. पुस्तिका कोणी चढवली ते खाली लिहिलं होतं: महादेवराव, अकोला. किशोरला हसू आलं. जर्मनी-जपान हिंडून पुन्हा अकोल्यालाच.

मजकूर इंग्रजी आणि कोरडा होता. तारांची आकृती, मग वापरायची रीत. आधी चालकानं माइकवर स्वतःच्या आवाजात बोलावं, म्हणजे यंत्र त्याला ओळखेल आणि हिरवा दिवा लुकलुकू लागेल. मग बटण दाबून धरावं. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की बटण सोडावं. या वेळात खोलीत जे काही वाजत असेल, ते यंत्र यापुढे शांतता म्हणून धरील.

त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. भाषा जरा विचित्र होती, पण असल्या पुस्तिकांची असतेच. जपान्याचं इंग्रजी, असं म्हणून त्यानं छापायला दिलं. शेवटचं पान स्कॅनमध्ये नव्हतं. त्याची त्याला गरजही वाटली नाही.

४

दुपारी शकुन भाजीला गेली, तेव्हा किशोरनं डबी जोडली. कूलरची घरघर नको म्हणून कूलर बंद केला. मे महिना. भिंती भाजत होत्या. आईनं कूलरकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं.

"दोन मिनिटं, आई," तो म्हणाला.

तिनं चमचा हातात घेतला. तो काढून घ्यायला किशोर उठला आणि मधेच थांबला. काढून कशाला घ्यायचा? खोलीत जे वाजेल ते डबी शांतता म्हणून धरणार असेल, तर वाजू दे की. चांगलं वाजू दे. त्याला आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं.

माइकवर तो बोलला, हिरवा दिवा लुकलुकू लागला. मग बटण दाबून तो आईकडे वळला. "वाजव, आई," तो म्हणणार होता, पण बोलू नये असं वाटून त्यानं फक्त हातानं खूण केली. वाजव. जोरात वाजव.

जमुनाबाईला आधी खरंच वाटेना. आजवर या घरात तिला सगळ्यांनी 'बस' म्हटलं होतं. वाजव असं कोणी म्हटलं नव्हतं. मग तिचा अर्धा चेहरा हसला. ती वाजवू लागली, आधी बिचकत, मग जोरात, मग लहान पोर ताट वाजवतं तशी. कपाळावरून घाम डोळ्यात येत होता, तो पुसायलाही ती थांबली नाही. लेक आपल्याशी खेळतो आहे असं तिला वाटलं असावं.

किशोर दिव्याकडे बघत होता. दिवा स्थिर झाला. त्यानं बोट उचललं आणि म्हणाला, "बस."

आनंदाच्या भरात तिनं आणखी थोडे टोले मारलेच. ते टोले आपल्याला ऐकू आले होते की नाही, हे पुढे कितीही आठवलं तरी त्याला सांगता येईना.

५

दुसऱ्या दिवशी नेटवर त्याचं कौतुक झालं. आवाज स्वच्छ, मागे चिटपाखरू नाही. गोवर्धनजींनी जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्यापासून नेट किशोरभाऊ चालवतील. त्या दिवशी किशोरनं येताना जिलबी आणली.

घरही शांत झालं. शकुन दोन-तीनदा म्हणाली, की आई आजकाल त्रास देत नाहीत. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाजही वाटली. मग एका सकाळी चादर बदलायला गेली, तर चादर रात्रीपासून ओली. सासूचे ओठ फुटलेले. तिनं वाटीनं पाणी पाजलं, तर म्हातारी वाटी सोडेना.

"वाजवलं काहून नाई तुमी?" शकुननं विचारलं. जमुनाबाई तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्याचा शकुनला पुढे कित्येक दिवस राग येत राहिला, कारण त्याचा अर्थ तिला लागला नव्हता.

पलंगाखाली झाडताना हिरव्या रंगाचे पोपडे निघाले. किशोरनं पाहिलं, तर दांडीचा रंग एका जागी पार उडाला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं. चमच्याची कडा वाकली होती. कूलरच्या ओलीनं रंग सुटला असेल, असं तो म्हणाला. चमच्याची कडा त्यानं पकडीनं सरळ करून दिली.

६

एका दुपारी किशोर जेवायला घरी आला आणि आईच्या खोलीच्या दारात थबकला.

कूलर चालू होता, त्याची घरघर ऐकू येत होती. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. गच्चीवरचं कबुतर ऐकू आलं. आणि पलंगावर जमुनाबाई चमचा मारत होती. हात वर जायचा, खाली यायचा, चमचा दांडीवर आदळायचा, हात पुन्हा वर जायचा. आवाज नव्हता.

हात अशक्त झाला असेल, नुसता टेकत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जवळ जाऊन त्यानं दांडीवर तळवा ठेवला. प्रत्येक टोल्याला लोखंड तळव्याखाली थरथरत होतं.

मग त्यानं तिच्या हातून चमचा घेतला आणि स्वतः मारला. टण्. स्वयंपाकघरातून शकुन म्हणाली, "आली, आई, आली." त्यानं चमचा परत आईच्या हातात दिला. तिनं सगळं बळ एकवटून हाणला. कबुतर घुमत होतं. शकुननं भांडं खाली ठेवल्याचंही ऐकू आलं. दांडी थरथरली, बाकी काही नाही.

शकुन पाणी घेऊन आली आणि गेली. किशोर भिंतीला टेकून उभा राहिला. कानाचा पडदा, उन्हाचा चटका, रक्तदाब, काय काय त्याच्या मनात येऊन गेलं. पण मग शकुनला का ऐकू येत नाही? त्यानं डबीची तार उपटली, डबी टॉवेलात गुंडाळून कपाटात टाकली आणि आईला खूण केली. वाजव. ती वाजवू लागली. पहिल्यांदा खूण केली तेव्हा हसली होती, तशी आता हसली नाही. आवाज तर नव्हताच.

त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी आणखी एक विचार वळवळला. नेट तर चांगलं चाललं आहे. राहू दिलं तर? शकुनला सांगू, येता-जाता पाणी पाजत जा. तो विचार त्यानं दिवसभर जवळ बाळगला. संध्याकाळी आईचे ओठ पुन्हा फुटलेले दिसले, तेव्हा कुठं त्यानं तो टाकला.

७

शेवटचं पान शोधायला तो पुन्हा दुकानात बसला. यादीतल्या पानावर पुस्तिका तीच, अंगठा तोच, शेवटचं पान नाही. त्यानं अकोल्याला फोन लावला.

पौर्णिमा म्हणाली, "ते पान? बाबा ते पान घेऊन माह्या मागे फिरत जी. त्याच्यावर बोट ठेवून दाखवत, मंग त्या डबीकडे दाखवत. मले तेवढं इंग्रजी कुठं येते? मी म्हणो, बाबा, जेवून घ्या. मंग रडत." मग ती म्हणाली, "म्हातारपण वाईट असते, नाई?"

पूर्ण प्रत त्याला दुसरीकडे सापडली, एका परदेशी संग्रहात, सरळ आणि स्वच्छ स्कॅन केलेली. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. एक: नवी शांतता घेतली की जुनी मोकळी होते, एका वेळी एकच राहते. दुसरी जाड अक्षरात: बटण दाबलेलं असताना चालकानं स्वतः बोलू नये.

त्यात अवघड काही नव्हतं. आई झोपली की कूलर बंद करायचा, चमचा उचलून ठेवायचा, बटण दाबायचं आणि गप्प राहायचं.

दुपारी आईचा डोळा लागला. त्यानं चमचा काढून टेबलाच्या कडेला ठेवला. शकुन मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. माइकवर तो हळूच "एक, दोन, तीन" म्हणाला. हिरवा दिवा लुकलुकू लागला. त्यानं बटण दाबून धरलं.

कूलर थांबल्यामुळे असेल, जमुनाबाई जागी झाली. हातानं तिनं चमचा चाचपला. नाही. मान वळवली, तेव्हा टेबलावर तिला तो दिसला. ती त्याच्याकडे सरकू लागली. आधी हात, मग खांदा, मग अर्धं अंग पलंगाच्या बाहेर.

किशोर एका हाताच्या अंतरावर होता. बोट उचललं असतं तर तो तिला धरू शकला असता. दिवा अजून लुकलुकत होता. एवढं एकदा होऊ दे, मग धरतो, असं त्याला वाटलं. बोट त्यानं उचललं नाही.

"आई, थांब," त्याच्या तोंडून गेलं. मग ती घसरलीच. "शकुन! आई पडली! शकुन!" तो ओरडला, आणि ओरडतानाही बोट बटणावरच होतं. दिवा स्थिर झाला.

पडताना म्हातारीच्या हातात माइकची तार आली. तिच्यामागून डबी फरशीवर आपटली आणि उकलून पडली. आतली सर्किटची पाटी मधोमध तडकली होती.

त्या आपटण्यानं शकुन धावत आली. दोघांनी मिळून आईला वर घेतलं. हाड मोडलं नव्हतं, कपाळाला खोक होती. शकुन ती पुसत होती आणि नवऱ्याला बोलत होती. "इतके जवळ उभे, अन् धरता नाई आलं? हाक त माराची एक."

"मारली ना हाक," किशोर म्हणाला. शकुननं वरसुद्धा पाहिलं नाही.

तेवढ्यात टेबलावरून गादीवर पडलेला चमचा जमुनाबाईच्या हाताला लागला. टण्. खणखणीत. किशोर हसू लागला. "वाजलं," तो म्हणाला. "शकुन, वाजलं." शकुन कापूस आणायला उठून गेली.

संध्याकाळभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो बोलत होता, समजावत होता, चुकलं म्हणत होता; स्वतःचा शब्द त्याला स्वतःला नीट ऐकू येत होता. ती पोळ्या लाटत राहिली. रागावली आहे, रागावू दे, असं त्यानं मनाला सांगितलं. जेवताना तिनं विचारलं, भाजी वाढू का. तो हो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला. तिनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"बोलाचं नाई त नका बोलू," ती म्हणाली. "एवढं मी काई वाईट बोलली नाई."

८

सकाळी सातला त्यानं जुना, हातात धरायचा माइक रेडिओला जोडला. या रेडिओला एक काटा असतो. माणूस बोलला की तो उडतो, थांबला की झोपतो. आवाज बाहेर जातो आहे की नाही, ते त्या काट्यावरून कळतं.

नेट सुरू झालं. नावं येत गेली, हजेऱ्या येत गेल्या. मग गोवर्धनजी म्हणाले, "अमरावतीहून किशोरभाऊ."

त्यानं माइकचं बटण दाबलं. "हजर आहे," तो म्हणाला. काटा हलला नाही.

"किशोरभाऊ, अमरावती?"

तो ओरडला. गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. गोवर्धनजींचं नाव घेतलं, शकुनचं घेतलं. काटा झोपलेलाच. बाहेर शकुन शेजारणीशी दुधाबद्दल बोलत होती. तिचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू येत होता.

पलंगावरून जमुनाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तोंड उघडतं आहे, मिटतं आहे, आणि काही निघत नाही. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं चमचा उचलला आणि सगळ्या ताकदीनं दांडीवर मारला. काटा ताडकन उडाला.

"आला, घोडा आला," गोवर्धनजी हसत म्हणाले. मागे आणखी दोघं-तिघं हसले. "म्हंजे घरीच हायेत. ऐकत असतील. पुढे."

पुढचं नाव आलं. जमुनाबाई वाजवतच राहिली, लेकाकडे बघत, मग दाराकडे बघत, पुन्हा लेकाकडे. शकुन पाणी घेऊन आत आली. किशोरकडे तिनं मुद्दामच पाहिलं नाही. सासूची मान उचलून तिनं पेला ओठांना लावला. म्हातारीनं ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. चमचा चालूच होता.

"तहान नाई, त वाजवता काहून, आई?" शकुन म्हणाली. कालपासून तिचं डोकं दुखत होतं. तिनं म्हातारीच्या मुठीतून चमचा सोडवून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.